इंग्लंडांतील परकीय रहिवाशांची नोंद व तिचीं दप्तरें

परदेशीं वस्तीस गेलेल्या मनुष्यानें तेथील अंमलदारापुढें उभें राहून आपलें नांव, देश, धंदा व बिऱ्हाडाचा ठिकाणा लिहून द्यावा, ही चाल यूरोपांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पडली, असा समज आमच्याकडील पुष्कळ वाचकांचा दिसतो. हा समज साधार नाहीं. केवळ इंग्लंडापुरतें पाहिलें तरी या चालीचा माग पावणेसहाशें वर्षांमागें नेतां येतो, व तो नेण्यास पुरेसे अस्सल कागद आजही शिल्लक आहेत. आम्हीं हा विषय हातीं घेण्याचीं कारणें दोन. एक तर, नोंदणीचे कागद हें इतिहासाचें एक निराळ्याच जातीचें साधन आहे. तवारिखा व खलिते थोरांसंबंधीं बोलतात. हे कागद शिंपी, सोनार, स्वयंपाकी, खलाशी अशांसंबंधीं बोलतात, व पुष्कळदां त्यांचा दुसरा लेखी मागमूस उरलेलाच नसतो. दुसरें असें कीं, या दप्तरांच्या अखेरच्या भागांत रत्नागिरीचा दर्यावर्दी व गोंव्याचा बटलर या दोघांचेंही भवितव्य गुंतलेलें आहे, आणि तें ज्या रीतीनें गुंतलें ती रीत आमच्या वाचकांस माहीत असणें अगत्याचें आहे.

इ. स. १४४० सालीं पार्लमेंटानें सहाव्या हेन्री राजास परकीयांवर एक माणसी पट्टी मंजूर करून दिली. घर करून राहणाऱ्यानें वर्षास सोळा पेन्स व घर नसलेल्यानें सहा पेन्स द्यावे, असा तिचा दर होता. पट्टी बसवावयाची तर माणसें मोजलीं पाहिजेत. म्हणून गांवोगांवच्या पंचांना शपथ घालून कोण परका व कोण आपला याच्या यादी करविल्या. या यादी वाचतांना एक मौज दृष्टीस पडते. कित्येकांचें आडनांव पंचांना ठाऊक नव्हतें किंवा उच्चारतां आलें नाहीं. तेव्हां त्यांनीं देशाचेंच नांव आडनांवाच्या जागीं बसविलें, व कोणी ‘जॉन फ्रेंचमन’ झाला, कोणी ‘डचमन’ झाला. आमच्या जुन्या कागदांत ‘वलंदेज’ किंवा ‘फिरंगी’ एवढ्यावरच जसें भागविलेलें असतें, तसाच हा प्रकार. दुसरी गोष्ट मौजेची नसून विचार करण्याजोगी आहे. प्रथम या पट्टींत आयरिश लोक धरले होते. ते त्याच राजाची प्रजा. त्यांनीं तक्रार केली, आणि १४४२ च्या पट्टींतून त्यांना वगळण्यांत आलें. म्हणजे दोन वर्षांपूर्वीं जो परका तो आज आपला झाला. त्या माणसांत तिळमात्र फरक पडला नव्हता, फरक पडला तो यादींत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिची उलट बाजू यावयाची आहे.

ही पट्टी अधूनमधून बसविली जाऊन १४८७ सालीं अखेरची बसविली गेली. तिच्या यादी व तत्कालीन इतर कागद एकत्र करून यॉर्क विद्यापीठांतील अभ्यासकांनीं १३३० ते १५५० या काळांतील चौसष्ट हजारांहून अधिक परकीयांची नामावली सिद्ध केली आहे. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत लंडनमधील परकीयांची मोजदाद अनेक वेळां झाली. त्यांपैकीं १५७१ व १५९३ च्या यादी विशेष तपशीलवार आहेत. ह्युगनॉट सोसायटीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं अशा यादींचे खंड छापून काढले आहेत, म्हणून येथें अधिक विस्तार करीत नाहीं.

खरी नोंदणी, म्हणजे सरकारांत वर्दी देऊन दाखला घेण्याची सक्ती, सुरू झाली ती १७९३ सालीं. फ्रान्सांतील राज्यक्रांतीनें १७९२ च्या उन्हाळ्यानंतर उग्र रूप धरिलें व हजारों फ्रेंच सरदार, पाद्री व त्यांचे नोकरचाकर खाडी उतरून इंग्लंडांत आले. त्यांच्या घोळक्यांतून क्रांतिकारकांचे हेरही येत असावेत अशी इंग्रज मुत्सद्द्यांस धास्ती पडली. लॉर्ड ग्रेनव्हिल यानें डिसेंबर १७९२ मध्यें परकीयांसंबंधींचें विधेयक वरिष्ठ सभेंत मांडलें. तें कनिष्ठ सभेंत आलें असतां २८ डिसेंबर रोजीं एडमंड बर्क यानें भाषण करतां करतां कपड्यांतून एक खंजीर काढून सभागृहाच्या जमिनीवर फेंकला, व बर्मिंगहॅम येथें असे तीन हजार खंजीर तयार करण्यास सांगितले आहेत असें बजाविलें. हाच बर्क १७८१ सालीं रघुनाथरावदादांचे वकील हणमंतराव व मणियार पारशी विलायतेंत गेले असतां त्यांचा कैवारी झाला होता. ब्राह्मण वकिलाला सोवळ्यानें स्वयंपाक करतां यावा म्हणून ज्यानें आपल्या मळ्यावर सोय करून दिली, त्यानेंच अकरा वर्षांनीं परकीयांविरुद्ध खंजीर फेंकावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. आम्हांस तें वाटत नाहीं. बर्काचा राग परकीयपणावर नव्हता, क्रांतीवर होता. कायद्याला मात्र असा विवेक करतां येत नाहीं. त्यानें सर्वांनाच एका वहींत उतरविलें.

जानेवारी १७९३ मध्यें मंजूर झालेल्या या कायद्यानें पुढीलप्रमाणें व्यवस्था लाविली. जहाजाच्या कप्तानानें आपल्या जहाजांतून किती परकीय आले तें बंदरावरील जकातीच्या अंमलदारास कळवावें. प्रत्येक परकीयानें आपलें नांव, दर्जा व धंदा सांगून दाखला घ्यावा. बंदरांतून आंत जावयाचें तर परवाना घ्यावा. आणि ज्याच्या घरीं परकीय उतरला असेल त्या घरधन्यानेंही वर्दी द्यावी. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे शहरांत येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवण्याचें काम असे, व वाटेनें जाणारास दस्तक लागे, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां कल्पना नवीन नव्हती. नवीन होतें तें हें कीं, शहराच्या कोतवालाचें काम एका मध्यवर्ती कचेरीनें सबंध राज्यासाठीं आपल्याकडे घेतलें. या कचेरीस ‘एलियन ऑफिस’ म्हणत. तिचा प्रमुख विल्यम विकम हा १७९४ सालींच स्वित्झर्लंडांत गेला व तेथून फ्रान्सवर नजर ठेवण्याचें गुप्त कारस्थान त्यानें चालविलें. यावरून नोंदवही व हेरखातें हीं किती जवळचीं भावंडें आहेत हें उघड होतें. कायद्याची झळ बड्यांनाही लागली. फ्रेंच मुत्सद्दी तालेरां हा लंडनमध्यें आश्रय घेऊन राहिला होता; १७९४ च्या आरंभीं त्यास देश सोडण्याचा हुकूम झाला व त्यास अमेरिकेची वाट धरावी लागली.

या कायद्याची मूळ मुदत थोडी होती. पण युद्ध लांबत गेलें तशी तीही वाढत गेली. सरकारी गरज म्हणून तात्पुरती बसविलेली गोष्ट सहसा उठत नाहीं, हा अनुभव सर्व देशांचा आहे. नेपोलियनच्या पाडावानंतर कडकपणा कमी झाला. १८२६ च्या कायद्यान्वयें प्रत्येक परकीय रहिवाशानें दर सहा महिन्यांनीं आपला ठिकाणा लिहून कळवावा असें ठरलें, व १८३६ च्या कायद्यानें हा सहामाही जाचही जाऊन केवळ उतरतांना बंदरावर वर्दी देणें एवढेंच राहिलें.

दप्तरें शोधणारांस महत्त्वाचा भाग येथून लागतो. १८२६ ते १८३६ या दहा वर्षांचे मूळ दाखले नष्ट करण्यांत आले. त्यांची नुसती सूची उरली आहे, व ती १८४९ पर्यंत येते. १८३६ ते १८५२ चे दाखले मात्र लंडननजीक क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत गृहखात्याच्या कागदांत सुरक्षित आहेत. प्रत्येक दाखल्यावर परकीयाचें नांव, देश, धंदा, उतरल्याची तारीख, कोणत्या देशांतून आला तें, आणि त्याची सही असते. सही ही त्यांतली मोलाची वस्तु. नांव कारकुनानें कानावर पडलें तसें लिहावें, व खालीं त्या माणसानें आपल्या हातानें तें खरें कसें तें दाखवावें. एकाच कागदावर चूक व तिची दुरुस्ती अशीं दोन्हीं मिळतात. ज्यांनीं मोडी कागदांतील इंग्रज नांवें सोडविण्यांत दिवस घालविले आहेत, त्यांना अशा कागदाची किंमत निराळी सांगावयास नको. याच्या जोडीस जहाजांच्या कप्तानांनीं दिलेल्या यादी १८३६ पासून १८६९ पर्यंतच्या आहेत, परंतु त्या अखंड नाहींत.

साताऱ्याचे वकील रंगो बापूजी यांचा लंडनमधील सुमारें चौदा वर्षांचा मुक्काम १८५३ सालीं संपला, म्हणजे तो बहुतेक सर्व याच कालखंडांत मोडतो. छत्रपतींच्या कागदांवर काम करणारांनीं या दप्तराची सूची डोळ्यांखालून घालावी अशी आमची सूचना आहे. मात्र या कायद्याचा अंमल उत्तरोत्तर ढिला होत गेला हें लक्षांत घेतलें पाहिजे. १८४८ च्या बंडाळ्यांनंतर यूरोपांतील पराभूत पक्षांचे पुढारी इंग्लंडांत येऊन राहिले. कार्ल मार्क्स १८४९ सालीं आला तो अखेरपर्यंत तेथेंच राहिला. व त्या काळांत आश्रितांस बंदरावरून परत लाविलें जात नसे. नोंद असणें व प्रवेश मिळणें यांचा तेव्हां संबंध नव्हता. म्हणून एखाद्याचें नांव या दाखल्यांत सांपडलें नाहीं तर तो इंग्लंडांत गेलाच नाहीं असें अनुमान काढणें धाडसाचें होईल.

१९०५ च्या कायद्यानें ही उदार वहिवाट मोडली. रशियन साम्राज्यांतून जीव घेऊन पळालेले गरीब ज्यू लंडनच्या पूर्व भागांत दाटीनें राहूं लागले होते व त्यांच्याविरुद्ध ओरड झाली होती. ज्या जहाजावर स्वस्त वर्गाचे वीसांहून अधिक परकीय उतारू असतील त्याचीच तपासणी व्हावी, असा नियम ठरला. वरच्या वर्गाचें तिकीट काढणाऱ्यास कोणी विचारीत नसे. परकीयपणा हा देशावरून ठरतो असें कायदा म्हणत होता, परंतु व्यवहारांत तो तिकिटाच्या दरावरून ठरे.

यानंतर ५ ऑगस्ट १९१४. जर्मनीशीं युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं पार्लमेंटानें परकीयांवरील निर्बंधांचा कायदा एका दिवसांत सर्व वाचनांसह मंजूर केला. नोंद आतां बंदरावरून पोलीसठाण्यांत आली. शत्रुराष्ट्राच्या प्रजाजनानें ठाण्यांत जाऊन नांव नोंदवावें, व परवान्यावांचून घरापासून पांच मैलांपलीकडे जाऊं नये. या हुकुमाचा विलक्षण परिणाम इंग्रज स्त्रियांवर झाला. १८७० च्या कायद्यानें परकीयाशीं विवाह करणारी स्त्री आपोआप पतीच्या राष्ट्राची होई. ज्या गांवांत जन्म झाला, जेथील मंदिरांत बारसें झालें, त्याच गांवच्या पोलीसठाण्यांत जाऊन अशा स्त्रीला ‘परकीय’ म्हणून सही करावी लागली. कारण वीस वर्षांपूर्वीं तिनें एखाद्या जर्मन पाववाल्याशीं लग्न केलें होतें. १९१८ मध्यें अशा स्त्रियांस मूळचें राष्ट्रीयत्व परत मागण्याची सवड मिळाली. हा नियम समूळ गेला तो १९४८ च्या कायद्यानंतर.

युद्ध संपलें, पण नोंदणी राहिली. १९२० च्या हुकुमान्वयें तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परकीयानें पोलिसांकडे नोंद करून दाखल्याची पुस्तिका घ्यावी व घर बदललें कीं कळवावें असें ठरलें. भोजनगृहें व उतारशाळा यांच्या मालकांनीं पाहुण्यांची वही ठेवावी, हाही नियम याच व्यवस्थेचा भाग. या पुस्तिकेचा नमुना पाहण्याजोगा आहे. तींत छायाचित्र, जन्मस्थळ व जन्मतारीख, पूर्वींचा देश, इंग्लंडांत आल्याची तारीख, धंदा, आणि पुढें बिऱ्हाड बदलल्याच्या नोंदी व त्यांवर ठाण्याचे शिक्के असत. सहीच्या जागेजवळ दुसरा एक चौकोन असे: ज्याला इंग्रजी लिपींत सही करतां येत नाहीं त्यानें डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावा. आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. हिब्रू लिपींत धर्मग्रंथ वाचणारा, अरबींत उत्तम पत्र लिहिणारा, किंवा सुरेख वळणाचें मोडी लिहिणारा, हे सारे या चौकोनापुढें निरक्षर ठरत. १८३६ च्या दाखल्यानें ज्या सहीच्या रूपानें माणसाचा स्वतःचा शब्द राखून ठेविला होता, ती शंभर वर्षांच्या आंत अंगठ्यावर आली. या पुस्तिकांच्या सरकारी प्रतींची वासलात पुढें कशी लागली हेंही सांगून ठेवितों: लंडन पोलिसांकडील असंख्य पत्रकांपैकीं सुमारें एक हजार पत्रकें नमुन्यादाखल क्यू येथें राखलीं आहेत, बाकीचीं गेलीं.

हिंदी मनुष्य त्या वेळीं ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळें कायद्यानें या नोंदणीबाहेर होता. शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यास किंवा बॅरिस्टरास पोलीसठाण्याची पायरी या कामासाठीं चढावी लागली नाहीं. परंतु दर्यावर्द्याची गोष्ट निराळी झाली. १९१९ सालीं कार्डिफ, लिव्हरपूल वगैरे बंदरांत काळ्या वर्णाच्या खलाशांवर गोऱ्या जमावांचे हल्ले झाले. महायुद्धांत ज्यांच्या जिवावर आगबोटी चालल्या, त्यांच्या हातचें काम आतां गोऱ्या खलाशांच्या संघटनेला नकोसें झालें होतें. १९२५ सालीं गृहखात्यानें ‘वर्णीय परकीय खलाशां’संबंधीं खास हुकूम काढला. हुकुमाचे शब्द परकीयांपुरतेच होते. तथापि आपण ब्रिटिश प्रजाजन आहों हें कागदानें सिद्ध करण्याचा बोजा त्यानें प्रत्येक काळ्या खलाशावर टाकला. सफरींच्या नोंदीची जी पुस्तिका खलाशाजवळ असे, ती राष्ट्रीयत्वाचा पुरावा म्हणून मानण्यांत येत नसे. पासपोर्ट तर त्या काळीं खलाशाला लागतच नसे. रत्नागिरी जिल्ह्यांतील खाडीकांठच्या गांवीं जन्मलेल्या मनुष्यानें आपल्या जन्माचा कागद बरोबर घेऊन बोटीवर चढावें, अशी अपेक्षा कोणीं करावी? परिणाम असा झाला कीं हिंदी, एडनचे अरब, सोमाली व पश्चिम आफ्रिकेचे असे पुष्कळ अस्सल ब्रिटिश प्रजाजन परकीय म्हणून नोंदले गेले. १४४२ सालीं यादींतून नांव वगळून आयरिश आपले झाले. येथें यादींत नांव घालून आपले ते परके केले.

हुकुमाचा अंमल मुख्यतः इंग्लंडांतील बंदरांत कामावरून मोकळे झालेल्या व तेथेंच नवें काम पाहणाऱ्या खलाशांवर झाला. मुंबईहून आशियाई करारावर जाऊन त्याच करारानें परत येणाऱ्यांस त्याची झळ तितकी लागली नाहीं. इंडिया ऑफिसानें या प्रकाराविरुद्ध गृहखात्याशीं पत्रव्यवहार केला, व तो लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत पाहावयास मिळतो. एका सरकारचीं दोन खातीं एकाच मनुष्यास एकीकडे आपला व दुसरीकडे परका म्हणत आहेत, हें दृश्य त्या पत्रव्यवहारांत आहे. १९३५ च्या कायद्यानें जहाजधंद्यास सरकारी मदत देण्याचें ठरलें व ती घेणाऱ्या जहाजांवर ब्रिटिश खलाशी असावेत अशी अट आली. तेव्हां दहा वर्षांपूर्वीं ज्याची परकीय म्हणून नोंद झाली होती त्याचें कामच गेलें. कार्डिफ येथील खलाशांची ही दैना त्या वर्षीं ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ या संस्थेनें चौकशी करून उघडकीस आणली. हुकूम रद्द झाला तो १९४२ सालीं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धांत त्याच खलाशांची पुन्हां निकड लागल्यावर.

रत्नागिरीच्या खलाशाबरोबर त्याच आगबोटीवर गोंव्याचा मनुष्य असे. डेकवर कोंकणी मुसलमान व भोजनगृहांत गोंवेकर ख्रिस्ती, अशी मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या बोटींवरील कामाची वांटणी होती; काम नसतां गोंवेकर मुंबईंत आपापल्या गांवच्या ‘कुडां’त उतरत. हा गोंवेकर पोर्तुगालच्या राजाची, व १९१० नंतर तेथील प्रजासत्ताकाची प्रजा. म्हणजे इंग्रजी कायद्याप्रमाणें तो खराखुरा परकीय. तेरेखोलच्या खाडीच्या दोन कांठांवरचे दोघे शेजारी लंडनच्या गोदींत उतरल्यावर एक प्रजाजन व एक परकीय. आणि १९२५ नंतर, दैव फिरलें तर दोघेही परकीय.

१९४८ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यानें व पुढें राष्ट्रकुलांतील स्थानामुळें स्वतंत्र भारताचा नागरिक पोलिसांकडील नोंदणीपासून मुक्तच राहिला, जरी १९६२ पासून त्याच्या प्रवेशावर निर्बंध आले. पोलिसांकडे नोंद करण्याची ही पद्धति कांहीं निवडक राष्ट्रांच्या लोकांपुरती शेवटपर्यंत चालू होती. ती ऑगस्ट २०२२ मध्यें बंद झाली.

गोंव्याच्या बाजूनें मात्र कथा आणखी पुढें जाते. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोमंतक मुक्त झाला. तथापि त्यापूर्वीं तेथें जन्मलेल्यांचा व त्यांच्या संततीचा राष्ट्रीयत्वाचा हक्क पोर्तुगालनें मान्य ठेविला आहे. तो बजावावयाचा तर गोंव्यांतील जन्मनोंदीचा उतारा लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीकचेरींत दाखल करावा लागतो. या वाटेनें अनेक गोंवेकर यूरोपीय संघाचे नागरिक झाले व इंग्लंडांत जाऊन राहिले. स्विंडन शहरीं त्यांची मोठी वस्ती आहे. ब्रिटन संघांतून बाहेर पडल्यावर त्यांना पुन्हां आपल्या वास्तव्याची नोंद करावी लागली, व तिची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ रोजीं संपली. ही नोंद कागदावर नव्हती; अर्जदाराच्या हातीं दाखला म्हणून कांहीं देण्यांत आलें नाहीं, सारें यंत्राच्या दप्तरांत राहिलें. शंभर वर्षांनीं स्विंडनच्या गोंवेकरांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास क्यूच्या दाखल्यांसारखी सही सांपडणार नाहीं.

त्याला तेव्हां उपयोगीं पडतील ते गोंव्यांतील जुन्या जन्मनोंदींचे उतारे, बाप्तिस्म्याच्या वह्या, व कोंकणांतल्या घरोघरच्या पेट्यांत पडलेल्या खलाशांच्या सफरींच्या पुस्तिका. अशा पुस्तिका व विलायती पोलिसांचे शिक्के असलेले दाखले राजापूर, दाभोळ, बाणकोट या बाजूस अद्याप घरांतून असावयास हरकत नाहीं. वृद्ध माणूस गेल्यावर ते रद्दींत जातात. सनदा व महजर जमा करणारे संग्राहक ते अर्वाचीन म्हणून बाजूस सारतात. त्यांनीं तसें न करतां, निदान नांव, तारखा, बोटींचीं नांवें, शिक्के व छायाचित्र यांची नक्कल उतरून घ्यावी, व मूळ कागद त्या घरच्या मंडळींच्या संमतीनेंच हलवावा.